'द ऑफिस'मधली डिनर पार्टी आणि साहेबांकडचं जेवण

दहीपोहे | मंगळवार, रात्री १०:४२

शनिवारी आमच्या साहेबांकडे जेवायला जायचंय. जोडीने. तीनदा टाळून झालं होतं. या खेपेला त्यांनी आधी विचारलं, "शनिवारी काही विशेष?" मी बावळटासारखी "नाही हो, घरीच" म्हणून गेले आणि पुढच्याच वाक्यात आमंत्रण आलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो एक शब्द बोलला नाही. उठला, टीव्ही लावला आणि 'द ऑफिस'च्या चौथ्या सीझनमधला 'डिनर पार्टी' काढला. आमच्याकडे भांडणं अशी होतात.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (स्पॉयलर आहेत, पण भाग २००८चा आहे, आता काय ते.) अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन गाव, तिथे डंडर मिफलिन नावाच्या कागद विकणाऱ्या कंपनीची शाखा, तिचा मॅनेजर मायकल स्कॉट, म्हणजे स्टीव्ह कॅरेल. माणूस मनाने वाईट नाही, पण त्याला माणसांची एवढी भूक की समोरच्याला पळून जावंसं वाटतं. जिम आणि पॅम त्याच्या हाताखाली, त्यांचं नुकतंच जुळलेलं. मायकलने त्यांना निदान नऊ वेळा घरी बोलावलंय आणि नऊही वेळा ते निसटलेत. मग हा काय करतो? संध्याकाळी जाहीर करतो की हेड ऑफिसातून काम आलंय, सगळ्यांनी उशिरापर्यंत थांबायचं, आपापले बेत रद्द करा. लोक कुरकुरत रद्द करतात. मग हा वरच्यांशी भांडल्याचा आव आणून काम रद्द करतो आणि जिमकडे वळून विचारतो, मग आज रात्री काय करताय? सबब सांगायला काही उरलेलंच नसतं. (माझ्या साहेबांनी हा भाग पाहिलाय की काय अशी शंका येते.)

पुढचा सगळा वेळ मायकल आणि त्याची मैत्रीण जॅन (मेलोरा हार्डिन) यांच्या घरात. आधी घर दाखवणं. आपल्याकडे नव्या फ्लॅटमध्ये गेलं की ड्राय बाल्कनी, गीझर, लॉफ्ट सगळं बघावं लागतं ना, तसंच. फरक एवढाच की इथे बेडरूम दाखवताना कळतं की पलंग जॅनचा आहे आणि मायकल पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या बाकड्यावर झोपतो. तो त्यावर आडवा होऊन दाखवतो. गुडघे पोटाशी घेऊन. आणि चेहऱ्यावर तक्रार नाही!

मग तो टीव्ही. दोनशे डॉलरचा प्लाझ्मा, आकाराने मोठ्या परातीएवढा. मायकल अभिमानाने सांगतो की जागा हवी असेल तर तो भिंतीकडे ढकलता येतो. ढकलतो. टीव्ही जेमतेम दोन बोटं मागे सरकतो. कधीकधी मी इथे नुसता उभा राहून तासन् तास बघतो, हेही सांगतो. इथे जिमचं काम करणारा जॉन क्रासिन्स्की शूटिंगच्या वेळी हसू आवरू शकत नव्हता, त्याचे फसलेले टेक नेटवर आहेत. तेही बघा.

आता मुद्दा. मायकल आणि जॅनच्या भांडणाला मी फारशी हसत नाही. मी हसते ती जिम आणि पॅम उठू शकत नाहीत याला. दार उघडं, गाडी खाली उभी, कुणी धरून ठेवलेलं नाही, तरी पाय निघत नाही. याला हल्ली सगळे क्रिंज म्हणतात. मला तो शब्द तोकडा वाटतो. आपल्याकडचा 'भीड' हा शब्द इथे चपखल बसतो. साहेब आहे, त्याने बोलावलंय, आपण त्याचं अन्न खाणार (असं निदान वाटतंय), मग त्याच्या घरातलं काही दिसलं तरी दिसलं नाही असं करायचं. सगळा भाग या 'दिसलं नाही'वर उभा आहे.

यावर बोला. आणि शनिवारी काय घेऊन जाऊ तेही सांगा. मिठाई की कुंडी?

खिडकीजवळचा | १०:५१

रुमाल टाकून ठेवतो. उद्या लंचमध्ये सविस्तर. माझ्याकडे एक किस्सा आहे.

कुरमुरे | १०:५८

हसून हसून पुरेवाट झाली परात वाचून.
कुंडी. मिठाई उघडून तुम्हालाच वाढतील.

तात्या_ऑनसाईट | ११:२६

वा, जुन्या जखमेवर बोट. मी तेव्हा न्यू जर्सीत होतो. एनबीसीवर गुरुवारी रात्री 'द ऑफिस' लागायचं. १५ नोव्हेंबर २००७ला 'द डिपॉझिशन' दाखवला आणि त्यानंतर नवा भाग बंद. कारण लेखकांचा संप. ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८, मोजून शंभर दिवस. 'डिनर पार्टी'ची संहिता संपाच्या आधीच लिहून तयार होती, पण कॅरेल संपकऱ्यांची रांग ओलांडून सेटवर जाईना, त्यामुळे चित्रीकरणच थांबलं. मूळ बेत तीस भागांचा होता, तो सीझन चौदा भागांत आटोपला (त्यातले पाच तासाभराचे). संपानंतर आलेला पहिला नवा भाग हाच, १० एप्रिल २००८. लेखन ली आयझेनबर्ग आणि जीन स्टुपनित्स्की, दिग्दर्शन पॉल फीग.

आम्ही चौघं रूममेट पाच महिने थांबलो होतो. चिप्स, कोक वगैरे जय्यत तयारी. भाग संपला तेव्हा खोलीत कुणी बोलेना. एकजण म्हणाला, "हा विनोदी होता ना रे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला तेव्हा कुठे हसू फुटलं.

कडूकारलं | ११:४८

मला अजिबात हसू आलं नाही, दोन्ही वेळा. नवराबायको (किंवा जे काय असेल ते) पाहुण्यांसमोर एकमेकांची लक्तरं काढतात, शेवटी बाई टीव्हीवर ट्रॉफी फेकून मारते, पोलीस येतात. यात विनोद कुठला? हेच एखाद्या मराठी मालिकेत दाखवलं असतं तर इथेच सगळ्यांनी मिळून धुतलं असतं. तिकडचं म्हणून क्लासिक.

कुरमुरे | ११:५२

मराठी मालिकेत ट्रॉफी फेकली असती तर ती टीव्हीला लागेपर्यंत तीन आठवडे गेले असते.

कडूकारलं | ११:५५

:) हे मान्य.

निळावंती | बुधवार, सकाळी ७:१५

कारल्या, विनोद आवडला नाही तर नाही, पण 'लक्तरं काढतात' एवढ्यावर सोडून देऊ नकोस, ती लक्तरं कुठून आली ते बघ. हा भाग सुटा पाहिला की जॅन वेडी बाई वाटते. मलाही पहिल्यांदा तशीच वाटली होती. पण तात्यांनी वर ज्याचं नाव घेतलं तो 'डिपॉझिशन' लगेच आधीचा आहे. जॅन मायकलची वरिष्ठ होती, न्यूयॉर्कच्या हेड ऑफिसात व्हाइस प्रेसिडेंट. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तिची नोकरी गेली. तिने कंपनीवर चाळीस लाख डॉलरचा दावा लावला आणि मायकल तिचा साक्षीदार. तिने त्याची खाजगी डायरी त्याला न सांगता पुरावा म्हणून दिली. आणि त्याने ऐनवेळी कंपनीच्या बाजूने साक्ष दिली. म्हणजे दोघांनीही एकमेकांना विकलेलं आहे. आणि त्यानंतर ही दोघं एका घरात राहतात, त्याच्या कॉन्डोत, त्याच्या पगारावर. ती मेणबत्त्या बनवते.

आता पुन्हा बघा. मोठ्या पदावरची बाई, जिच्या एका फोनवर शाखा हलायची, ती आता आपल्या माजी कर्मचाऱ्यांना घरी बोलावून 'हा माझा वर्करूम' म्हणून मेणाची भांडी दाखवतेय. जिम-पॅम तिच्यासाठी पाहुणे नाहीत, साक्षीदार आहेत. पुन्हा एकदा.

मला यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं दृश्य शेवटचं वाटतं. सगळे गेलेत आणि ती फुटलेली ट्रॉफी चिकटवत बसलीय. एक शब्द नाही.

दहीपोहे | ७:४०

निळावंती, दंडवत. शेवटचं दृश्य माझ्या नजरेतून सुटलंच होतं, तोवर मी उठून गॅस बंद करायला गेलेली असते नेहमी. आज रात्री बघते.

खिडकीजवळचा | दुपारी १:१०

हं, तर किस्सा.

२०११. हिंजवडीत पहिली नोकरी, पहिला टीम लीड. माणूस चांगला. एका शुक्रवारी म्हणाला, घरी या सगळे, बायको बिर्याणी करतेय. आम्ही पाचजण, चार बॅचलर आणि एक नुकतं लग्न झालेला. दुपारी मुद्दाम कमी खाल्लं. आठला पोचलो. सरबत. साडेआठ, चिवडा. नऊ वाजता त्याने हॉलमधला दिवा बारीक केला. मला वाटलं वाढदिवस वगैरे आहे. तर भिंतीवर प्रोजेक्टर! पहिल्या स्लाइडवर समुद्र, सूर्यास्त आणि 'तुमची स्वप्नं काय आहेत?' असा प्रश्न.

मग गोल गोल. वर एक गोल, त्याखाली दोन, त्याखाली चार. "तुम्ही फक्त दोन माणसं आणायची." पावणेदोन तास. आतून बिर्याणीचा वास येतोय, आणि आमच्यातला एक स्वप्न म्हणून "सर, बिर्याणी" असं म्हणाला, तेही हसण्यावारी नेऊन पुढची स्लाइड. मी दोन हजारांची टूथपेस्ट, साबण आणि कसलीशी पावडर घेऊन घरी आलो. पावडर आईने तुळशीला घातली.

म्हणून मायकल जिमला आणि अँडीला (तोही ऑफिसातलाच, त्या रात्रीचा पाहुणा) बाजूला घेऊन जॅनच्या मेणबत्त्यांच्या धंद्यात दहा हजार डॉलर घाला म्हणतो तेव्हा मी टीव्ही बंद केला होता. खरंच. दुसऱ्या दिवशी पूर्ण केला.

कुरमुरे | १:१४

तुळस जगली का?

खिडकीजवळचा | १:१५

जोमात.

निळावंती | १:३२

खिडकी, त्यात एक धागा आणखी आहे. मायकलला पैशांची चणचण आहे हे याच सीझनमधल्या 'मनी'मध्ये येऊन गेलंय. जॅनच्या खर्चापायी तो रात्री दुसरीकडे फोनवर वस्तू विकायची नोकरी करत असतो. म्हणजे दहा हजार मागणारा लबाड नाही, बुडत्याचा हात आहे. तुमचा टीम लीडही कदाचित तसाच असेल.

खिडकीजवळचा | १:४०

असेल. बिर्याणी चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. अकराला मिळाली.

रस्साप्रेमी | २:०५

जेवणाचा विषय निघालाच आहे तर. जॅन करते तो 'ओस्सो बुक्को' म्हणजे काय हे किती जणांनी शोधलं? मिलानकडचा पदार्थ. वासराच्या पायाचे हाडासकट आडवे कापलेले जाड तुकडे, नावाचा अर्थच 'भोक असलेलं हाड'. म्हणजे आपली नळी हो! नळीतला मगज हाच त्यातला जीव. आधी तुकडे पिठात घोळवून परतायचे, मग कांदा, गाजर, सेलरी, वाइन, स्टॉक घालून मंद आचेवर झाकून ठेवायचे. दोन-तीन तास लागतातच, घाई केली तर मांस चिवट आणि नळी कोरडी.

त्यामुळे जॅन जेव्हा सहज सांगते की अजून तीन तास शिजायला हवं, तेव्हा ती पदार्थाबद्दल खोटं बोलत नाहीये. अडचण ही की तिने ते पाहुणे येऊन बसल्यावर चढवलंय. घरी मटण करणाऱ्याला हे दृश्य भयपटासारखं वाटतं. आमच्याकडे पाहुणे आठला असतील तर मटण पाचला शिजलेलं असतं, नंतर फक्त गरम करायचं आणि तरी वर आली की नाही बघायचं.

पॅम कॅमेऱ्यासमोर म्हणते ना, मला फक्त जेवायचंय, आणि जेवायला बोलावल्यावर ही अपेक्षा जरा जास्तच आहे, कळतंय मला. हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

मेणवात | २:४८

मी घरी मेणबत्त्या करते (ठाणे, दिवाळीच्या ऑर्डर सप्टेंबरपासून घेते, व्यक्तिगत निरोप करा. जाहिरात नाही, माहिती). त्यामुळे 'सेरेनिटी बाय जॅन' या विषयावर मला बोलायलाच हवं.

तिचा धंदा चालणार नाही हे त्या एका खोलीत कळतं. जेवणाच्या घरात सुगंधी मेणबत्त्या पेटवून ठेवत नाहीत, पदार्थाचा वास मरतो. त्यातून एकाच वेळी चार वेगवेगळे वास म्हणजे डोकेदुखी. आणि तिचा एक वास आहे 'बॉनफायर', शेकोटीचा! धुराचे वास विकले जातात, नाही असं नाही, पण ते थेंबभर वापरायचे. मेणात सुगंधी तेल साधारण सहा ते दहा टक्के धरतं, त्यावर घातलं तर तेल सुटून वर तवंग येतो आणि वात फडफडते. सोया मेण असेल तर ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे तसंच ठेवायचं, तेव्हा कुठे जळताना वास नीट पसरतो. नवखे लोक तिसऱ्या दिवशी विकायला काढतात. जॅनच्या घाईकडे बघता तिने पहिल्या दिवशी काढल्या असणार.

पण एक सांगू? नोकरी गेल्यावर वर्षभर मीही हेच करत होते. येणाऱ्या प्रत्येकाला मेणबत्ती हुंगायला देत होते. लोक "छान आहे हं" म्हणायचे. आता आठवतं ते कसं म्हणायचे.

टाकेवाला | सायं. ६:२०

दवाखान्यातून. धागा वाचतोय कालपासून, एका बाबतीत राहवत नाही.

भांडणात मायकल ओरडतो की तीन नसबंद्यांनी माणसाच्या शरीराचं काय होतं याची तुला कल्पना नाही. आता त्याच्याच संवादाप्रमाणे मोजा. त्याला मुलं हवी होती, तिला नको होती, म्हणून नसबंदी केली. मग तिला वाटलं हवीत कदाचित, म्हणून जोडून घेतली. मग ती म्हणाली नक्की नकोत, म्हणून पुन्हा केली. म्हणजे नसबंद्या दोन आणि जोडणी एक. शस्त्रक्रिया तीन, हे बरोबर. साहेबांनी सगळ्यांना एकच नाव दिलंय.

आणि गंमत अशी की यातलं मोठं काम मधलंच आहे. नसबंदी म्हणजे जागेवर भूल देऊन वीस-पंचवीस मिनिटं, माणूस त्याच दिवशी घरी. कापलेली नलिका परत जोडणं हे सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक टाक्यांनी, दोन ते चार तास. आणि यशाची खात्री नाही, जितकी वर्षं मध्ये गेली तितकी शक्यता कमी. लिहिणाऱ्याने हे बघून लिहिलं की नाही ठाऊक नाही, पण त्या किंचाळण्यात तो खरोखर दुखावलेला माणूस आहे. हाताच्या कात्रीसारख्या हालचाली करत 'स्निप-स्नॅप' म्हणतो तेव्हा हसलो मी, मग खुर्चीत जरा सावरून बसलो.

कुरमुरे | ६:२५

सगळे पुरुष आयडी सावरून बसले असतील आत्ता.

कडूकारलं | ६:५०

निळावंतीचं वाचून आज दुपारी पुन्हा पाहिला. (होय, तिसऱ्यांदा. बोला.) अजूनही हसलो नाही, पण एक प्रश्न. घरात कॅमेरावाले काय करतायत? ऑफिसवर माहितीपट चाललाय हे मान्य. पण मॅनेजरच्या बेडरूमपर्यंत? आणि भांडण पेटल्यावरही ते शांतपणे शूट करतायत. निदान एकाने तरी म्हणायला नको का, आम्ही निघतो?

खिडकीजवळचा | ७:०२

कारण त्यांनाही निघता येत नाही. भीड!

दहीपोहे | ७:१९

खिडकी, हे मला सुचायला हवं होतं. खरंच की. कॅमेरा त्या घरात आणखी एक पाहुणा आहे. ऑफिसमध्ये तो काचेआडून, पडद्याच्या फटीतून डोकावतो. इथे सोफ्यावर दाटीवाटीने बसल्यासारखा जवळ आहे. आणि प्रेक्षकांच्या हास्याचा ट्रॅक नाही, त्यामुळे कुठे हसायचं ते सांगणारं कुणी नाही. जिम मध्येच कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा तो आपल्याकडे 'वाचव रे' असं बघतो.

जाता जाता, जिमची सुटकेची धडपड कुणीच काढली नाही! फोन आल्याचं सांगून तो म्हणतो घरात पाणी भरलंय, जायला हवं. मायकल काय म्हणतो? सामान काय, नवीन विकत घेता येईल, पार्टी नवीन विकत मिळत नाही. या तर्कापुढे जिम गप्प. मी हे वाक्य शनिवारी ऐकणार आहे असं मला आतून वाटतंय.

तात्या_ऑनसाईट | रात्री ९:३०

ड्वाइटला विसरलात सगळे, मायकलच्या हाताखालचाच तो. मायकलने त्याला बोलावलेलंच नाही. कारण काय तर फक्त जोडप्यांना आमंत्रण आणि वाइनचे ग्लास सहाच आहेत. तर हा पठ्ठ्या आपल्या लहानपणीच्या सांभाळणाऱ्या बाईंना जोडीदार म्हणून घेऊन येतो, स्वतःचे ग्लास आणि स्वतःचं जेवण घेऊन. त्या रात्री वेळेवर जेवलेला माणूस तोच! भीड नसलेला एकटाच प्राणी. आणि शेवटी पोलीस म्हणतात की आज कुणाकडे तरी राहा, तेव्हा मायकल जातो ड्वाइटकडेच.

अवांतर: मी स्क्रँटनला जाऊन आलोय. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने दोन तास. पाऊण लाखाची वस्ती, एकेकाळी कोळशावर जगलेलं गाव. गावाला 'इलेक्ट्रिक सिटी' म्हणतात, विजेच्या ट्राम फार लवकर आल्या म्हणून, आणि चौकात तसा दिव्यांचा मोठा फलक आहे. मालिका कॅलिफोर्नियात चित्रित झाली, पण सुरुवातीच्या नावांत दिसणारा तो कागद कंपनीचा मनोरा खरा आहे, खऱ्याच कागद कंपनीचा. आम्ही सात देशी माणसं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होतो. एक आजीबाई थांबून विचारत्या झाल्या, तुम्ही कागदाच्या धंद्यात आहात का?

आणि मायकलचा तो कॉन्डो आठवतो का कधी घेतला? दुसऱ्या सीझनमध्ये, 'ऑफिस ऑलिंपिक्स'. कागदांवर सह्या करताना तीस वर्षांचं कर्ज ऐकून त्याला घाम फुटतो. त्या दिवशी सोबत फक्त ड्वाइट होता. माणसं यावीत म्हणून घेतलेलं घर ते.

निळावंती | ९:४१

हे लक्षात नव्हतं आलं, तात्या. दोन सीझन घर तयार आणि नऊ आमंत्रणं वाया.

रस्साप्रेमी | ९:५५

हंटरच्या सीडीबद्दल दोन शब्द हवेतच. जॅनचा जुना सहायक, तरुण पोरगा, त्याने लिहून गायलेलं गाणं ती पाहुण्यांना ऐकवते आणि डोळे मिटून डोलते. गाण्याचे शब्द ऐकून खोलीतल्या सगळ्यांना सगळं कळतं, फक्त मायकलला कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नाही. शेवटी जिमने ती सीडी ढापलेली असते. गाडीत बर्गर खाताना दोघं तीच लावतात. मला तर तिथे पहिल्यांदा श्वास सोडल्यासारखं वाटलं. उपाशीपोटी बाहेर पडून गाडीत खाल्लेल्या बर्गरसारखं सुख नाही. माझ्यासाठी ते खडकवासल्याच्या रस्त्यावरचं कणीस होतं. पण तो किस्सा बायको हा आयडी वाचते म्हणून नको.

कुरमुरे | ९:५७

वहिनी, वाचताय ना?

कडूकारलं | १०:१०

या मालिकेत ऑफिसनंतरचे भाग बरेच आहेत. 'द डंडीज'मध्ये सगळे चिलीज हॉटेलात जमतात, मायकल 'डंडी' नावाची बक्षिसं वाटतो. तो मला आवडतो. तिथेही लाज आहे, पण पॅम शेवटी मायकलच्या बाजूने टाळ्या वाजवते. हॉटेलमध्ये गंमत शक्य आहे. तिथे मायकलच्या अंगाला घर चिकटलेलं नसतं. साहेबाच्या घरी जाऊच नये, हे माझं मत.

(आणि जॅन फेकून मारते ती ट्रॉफी डंडीच आहे, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्याने लोकांना आनंदाने वाटलेली वस्तू त्याच्याच टीव्हीत घुसते.)

निळावंती | १०:१४

एवढं सगळं पाहिलंस आणि म्हणे आवडत नाही.

कडूकारलं | १०:१५

आवडत नाही असं म्हणालो नाही. हसू आलं नाही म्हणालो.

दहीपोहे | रविवार, सकाळी ११:०५

वृत्तांत.

कुंडी नेली, मनी प्लांट. साडेसातला पोचलो. सोसायटीच्या गेटवरच नवरा म्हणाला, "पाणी भरल्याचा फोन मी करू की तू?" घर दाखवलं, हो, सगळं, पंपाच्या बटणासकट. प्रोजेक्टर नव्हता. मेणबत्ती नव्हती. टीव्ही आमच्यापेक्षा मोठा होता.

जेवण सव्वाआठला वाढलं! नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, त्याने येताना गाडीत दोन वडापाव खाल्ले होते. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, खर्डा, दह्यातली कोशिंबीर, शेवटी खीर. सगळं साहेबांनी स्वतः केलेलं. बायको नागपूरला बदलीवर आहे हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. तीन वर्षं एका मजल्यावर बसतो आम्ही.

साडेनऊला मी "निघतो आता" म्हटलं तर लगेच "हो हो, उशीर होईल तुम्हाला" म्हणून चपला घालेपर्यंत दारात उभे राहिले. लिफ्टशी येऊन म्हणाले, "तुमच्याआधी चौघांना विचारलं होतं. सगळ्यांचं काही ना काही होतं." हसत म्हणाले. मी पण हसले. लिफ्टमध्ये आम्ही दोघं काही बोललो नाही.

त्या चौघांतला एक या साइटवर आहे हे मला माहीत आहे. वाचत असशील तर पुढच्या वेळी जा.

खिडकीजवळचा | ११:२०

...

कुरमुरे | ११:२२

खिडकी, तू??

खिडकीजवळचा | ११:३०

नाही रे बाबा. माझ्या साहेबाची बायको बिर्याणी करते. मी दुसऱ्याच कारणाने गप्प होतो.

रस्साप्रेमी | ११:४१

भरल्या वांग्यांची कृती मिळेल का साहेबांकडून? खोबरं भाजून घातलं होतं की कच्चं?

दहीपोहे | ११:५०

सोमवारी विचारते.